माझा पेसमेकर आणि घरच्यांसाठी एक चिठ्ठी

मंडळी, गेले दोन महिने काहीच लिहिलं नाही. काहींचे मेल आले, काहींचे फोन आले, एका भाच्याने तर सरळ विचारलं, "मावशी, आहेस ना?" आहे बाबा, आहे! आणि आता नुसती नाही, मिनिटाला किमान साठ ठोक्यांची हमी घेऊन आहे. डाव्या खांद्याखाली, कॉलरबोनच्या खालच्या बाजूला, कातडीच्या आत एक चपटी डबी बसली आहे. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. तिच्यातून निघालेल्या दोन तारा शिरेतून थेट हृदयात गेल्या आहेत. पेसमेकर!

झालं असं, की दिवाळीनंतर मला अधूनमधून घेरी येऊ लागली. जिना चढताना दम लागायचा, भाजी निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधारी यायची. सत्तरी उलटली की असं व्हायचंच, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मग एकदा नाडी मोजली तर मिनिटाला अडतीस! ठाण्याच्या एका रुग्णालयात ईसीजी काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "हार्ट ब्लॉक."

इथे एक खुलासा करते, कारण भेटायला आलेल्या दहापैकी आठ जणांनी विचारलं, "किती टक्के ब्लॉकेज होतं? अँजिओप्लास्टी झाली का?" नाही हो. घरात नळाची लाइन वेगळी आणि विजेचं वायरिंग वेगळं, तसंच हृदयाचंही असतं. अँजिओप्लास्टी ही नळ तुंबल्यावर करतात. माझे नळ ठीक आहेत, वायरिंग बिघडलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक बारीकसा पुंजका असतो, तो दर ठोक्याला विजेचा इशारा देतो. तो इशारा मधल्या एका चौकीतून खालच्या कप्प्यांकडे जातो आणि मग हृदय आवळतं. माझ्या वरच्या पुंजक्याचं काम बरोबर चाललं होतं, पण मधली चौकी निरोप पुढे पाठवेनाशी झाली. खालचे कप्पे बिचारे आपल्या अंदाजाने, सावकाश, मिनिटाला अडतीस वेळा आवळत राहिले. सत्तरच्या हिशेबाने दिवसाला एक लाखाच्या वर ठोके पडायला हवेत, माझे पंचावन्न हजारही पडत नव्हते. मग घेरी येणार नाही तर काय?

भिवंडीच्या माणसाला हे समजावणं तसं सोपं आहे. यंत्रमाग उत्तम आहे, सूत आहे, कारागीर आहे, पण वीज पोचत नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडे हे रोज व्हायचं. खटखट खटखट चाललेला सगळा परिसर एका क्षणात गप्प व्हायचा. राहनाळमध्ये आता गोदामं आणि ट्रक जास्त झाले, तरी ती अचानक पडणारी शांतता ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ऑपरेशन म्हणावं तर तासाभराचं. पूर्ण भूलही देत नाहीत, तेवढी जागा बधिर करतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत डॉक्टर शिरेतून तारा आत सरकवतात. मी जागी होते आणि त्यांचं आपापसातलं बोलणं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी घरी. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सहा आठवडे डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही! हृदयाच्या भिंतीत अडकवलेली तारांची टोकं तिथे रुजायला वेळ लागतो, तोवर हात जोरात वर गेला तर तार निसटू शकते. आता सांगा, वेणी कशी घालायची? फळीवरचा पोह्यांचा डबा कसा काढायचा? दोरीवर कपडे कसे वाळत घालायचे? पोळ्या लाटायला परवानगी होती, पण कणकेचा डबा उचलायला नव्हती. पुन्हा हात अगदीच बांधून ठेवला तर खांदा आखडतो, म्हणून खालच्या खाली हलवत राहायचा. पुढून बटणं असलेले सैल ब्लाउज सुनेने शिवून आणले. मंगळसूत्राचा गोफ नेमका टाक्यांवर घासायचा, म्हणून काही दिवस ते कपाटात गेलं. मोबाइल उजव्या कानाला लावायचा आणि छातीजवळ ठेवायचा नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन हात लांब उभं राहायचं, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह मात्र खुशाल वापरायचे. टाके भरेपर्यंत जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, आणि ताप आला किंवा जखम लाल झाली, ओली झाली तर घरगुती लेप न लावता तडक डॉक्टर गाठायचे. ज्यांच्या घरी कोणाला पेसमेकर बसायचा आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहून ठेवते.

सहा आठवडे हात बांधलेली मास्तरीण काय करणार? वाचणार! मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मग आपल्या छातीत जो इतिहास येऊन बसला आहे तो ठाऊक नको का?

आधी त्या चौकीविषयी. सुनाओ तवारा नावाचा एक जपानी डॉक्टर जर्मनीत शिकायला गेला होता, त्याने 1906 साली ही मधली चौकी आणि तिच्यापासून निघणारं वायरिंग दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, इंग्लंडात आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना वरचा पुंजका सापडला. तोही कुठे, तर चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या एका इवल्या प्राण्याच्या हृदयात! म्हणजे माणूस हजारो वर्षं आपल्या काळजावर गाणी रचतो आहे, आणि त्या काळजाला ताल कोण देतो हे कळून अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

ठिकाण कळलं तसे लोक बाहेरून वीज द्यायच्या मागे लागले. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट हायमन यांनी 1932 साली हाताने किल्ली देऊन चालवायचं यंत्र केलं आणि त्याला 'आर्टिफिशियल पेसमेकर' म्हटलं. ते नाव आजवर टिकलं. 1952 मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवर पट्ट्या लावून कातडीवरूनच झटके देऊन हृदय चालवून दाखवलं. जीव वाचायचा, पण प्रत्येक ठोक्यागणिक विजेचा झटका! माणूस किती दिवस सोसणार?

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली. तिथे डॉ. वॉल्टन लिलेहाय जन्मतः हृदयाला भोक असलेल्या लहान मुलांची ऑपरेशनं करत. भोक शिवताना कधी कधी जवळचं वायरिंग दुखावे आणि मुलाला माझ्यासारखाच ब्लॉक होई. मग हृदयावर एक बारीक तार शिवून ती बाहेर काढत आणि भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या मोठ्या यंत्राला जोडत. ती मुलं वायर पोचेल तेवढीच फिरू शकत. 31 ऑक्टोबर 1957 रोजी शहरातली वीज गेली. ऑपरेशन थिएटरला पर्यायी वीज होती, मुलांच्या खोल्यांना नव्हती. त्यात एक बाळ दगावलं, असं अर्ल बॅकन यांनी सांगून ठेवलं आहे. लिलेहाय यांनी दुसऱ्या दिवशी ज्यांना बोलावून घेतलं ते हेच बॅकन. हुद्दा म्हणाल तर रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणारे. 1949 मध्ये मेव्हण्याबरोबर त्यांनी एका गॅरेजमध्ये दुकान थाटलं होतं, त्याचं नाव मेडट्रॉनिक.

बॅकन यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापलेली मेट्रोनोमची आकृती आठवली. मेट्रोनोम म्हणजे गाणं-वाजवणं शिकणाऱ्यांसाठी टक टक ठेका धरणारं यंत्र, आपल्या तबला मशीनचं थोरलं भावंड. हृदयाला तरी दुसरं काय हवं होतं? त्यांनी चारेक आठवड्यांत त्यावरून बॅटरीवर चालणारी, गळ्यात अडकवता येईल एवढी डबी केली. प्राण्यावर चाचणी करायला म्हणून ती देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर एका मुलीच्या तारांना तीच डबी जोडलेली! लिलेहाय यांचं म्हणणं, हाती बरं यंत्र असताना एकही मूल भिंतीच्या भरवशावर का ठेवायचं?

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे गप्प पडलेले माग आले. फरक एवढाच, की आपल्याकडे दिवे गेले की आपण मेणबत्ती शोधतो आणि विसरतो. त्या माणसांनी ती रात्र विसरायची नाही असं ठरवलं.

तरी तारा अजून बाहेरच होत्या, आणि तारेच्या वाटेने जंतू आत शिरत. सबंध यंत्र शरीरात बसवायचं धाडस स्वीडनमध्ये झालं आणि त्याला कारण झाली एक बायको! आर्ने लार्सन, वय 43. काविळीच्या दुखण्यानंतर त्यांच्या हृदयाचं वायरिंग गेलं. दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्यांची पत्नी एल्सा-मारी हिच्या कानावर आलं होतं, की शल्यविशारद ओके सेनिंग आणि इंजिनियर रूने एल्मक्विस्ट असं काही यंत्र करत आहेत. यंत्र अजून माणसात घालण्याजोगं झालेलं नव्हतं, दोघांनीही तसं सांगितलं. पण बाई ऐकेना. कधी प्रयोगशाळेत जा, कधी रुग्णालयात जा, असा तिने पिच्छाच पुरवला. अखेर एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा केला, त्यात ट्रान्झिस्टर आणि बॅटरी ठेवून वरून राळ ओतली. 8 ऑक्टोबर 1958 रोजी कॅरोलिन्स्का रुग्णालयात ती वडी लार्सन यांच्या पोटात बसली. काही तासांतच बंद पडली! मग दुसरी बसवली.

पण लार्सन जगले. किती, तर 2001 सालच्या डिसेंबरपर्यंत, शहाऐंशी वर्षांचे होऊन. दोन डझनांच्या आसपास यंत्रं त्यांच्या अंगात बसली आणि निघाली. एल्मक्विस्ट 1996 मध्ये गेले, सेनिंग 2000 मध्ये, आणि ज्याला वाचवायला ते धावले तो रुग्ण दोघांच्याही मागे राहिला. सावित्रीची कथा आपण दरवर्षी वडाला दोरा गुंडाळताना ऐकतो. ही स्वीडनची सावित्री यमाच्या नाही, इंजिनियरच्या मागे लागली!

बाकी राहिला बॅटरीचा प्रश्न. अमेरिकेतल्या बफेलो शहरात विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र जुळवत होते. त्यांच्या हाताला खोक्यातला भलताच रेझिस्टर लागला, आणि यंत्र ठोके टिपायच्या ऐवजी स्वतःच ठोके देऊ लागलं. ते ऐकून त्यांनी ओळखलं, की हा तर हृदयाचा ताल! डॉ. विल्यम चार्डॅक यांच्याबरोबर 1960 मध्ये त्यांचं यंत्र माणसांत बसू लागलं. पण त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या साधारण दोन वर्षांत संपायच्या, आणि बॅटरी संपली की पुन्हा चिरफाड. 1970 मध्ये पॅरिसला प्लुटोनियमवर, म्हणजे चक्क अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवून झाला. मग ग्रेटबॅच यांनी लिथियमची बॅटरी पुढे आणली, 1972 पासून ती माणसांत बसू लागली आणि तिने बाकीच्यांना मागे टाकलं. माझ्या डबीत लिथियमच आहे. आठ-दहा वर्षं जाईल म्हणतात.

इथवर वाचून मी मुलाला म्हटलं, "अरे, मला सत्तरी उलटलीय. बॅटरी माझ्यापेक्षा जास्त टिकली तर?" तो म्हणाला, "आई, अभद्र बोलू नकोस." विषय तिथेच संपला. पण माझ्या डोक्यातून जाईना. मला खरं जे लिहायचं आहे ते हेच.

असे पेसमेकर कितीतरी निघत असणार. माणूस जातो, डबी चालू असते. तिचं काय होतं? उत्तर मुंबईतच मिळालं, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात. अमेरिकेत शिकागो परिसरात अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्था मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने पेसमेकर काढून देत. ते तपासले जात, ज्यांची बॅटरी पुरेशी उरली आहे तेवढेच निवडले जात, आणि स्वच्छ व निर्जंतुक करून मुंबईतल्या गरीब रुग्णांना बसवले जात. 2004 ते 2010 या काळात असे 53 पेसमेकर 53 जणांना बसले. त्याचा अहवाल अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला. जंतुसंसर्ग नाही, यंत्र बंद पडल्याची तक्रार नाही. त्यात मोलमजुरी करणारी माणसं होती, ती पुन्हा कामाला लागली. बायका होत्या, त्या पुन्हा घरचं काम करू लागल्या. 2012 मध्ये हृदयाला झटका देणाऱ्या आणखी महागड्या यंत्रांचाही असाच अहवाल आला, त्यात 81 रुग्ण होते आणि जंतुसंसर्ग एकालाही नाही.

पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी हिशेब आणखी मोठा मांडला. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक इथल्या 1051 रुग्णांना दिलेली जुनी यंत्रं आणि कॅनडातल्या 3153 रुग्णांची नवी यंत्रं अशी तुलना केली. 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली. संसर्ग जुन्यांत शेकडा 2 आणि नव्यांत शेकडा 1.2, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणण्यासारखा फरक नाही.

आता कोणी म्हणेल, मेलेल्या माणसाची वस्तू! आपल्याकडे गेलेल्या माणसाचं धोतरसुद्धा घरात ठेवत नाहीत. मीही त्याच घरात वाढले आहे. पण दधीची ऋषींची गोष्ट आपणच मुलांना सांगतो ना? त्यांनी अस्थी दिल्या आणि इंद्राने त्यांचं वज्र केलं, असं पुराण सांगतं. मला तर हाड काढूनही द्यायचं नाही, बाहेरून आलेली डबी परत करायची आहे. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर मिळू शकतो, त्यामुळे अनेक घरांचा भार हलका झाला. तरी जगात अजून कितीतरी ठिकाणी या डबीच्या किमतीपुढे माणूस हात टेकतो.

आणि समजा, ती कोणाच्या कामाला येणार नसली, तरी काढावी लागतेच! हे फार जणांना ठाऊक नाही. चितेत किंवा विद्युतदाहिनीत लिथियमची बॅटरी तापली की फुटते. इंग्लंडातल्या सॉलिहल गावी 1976 साली दाहिनीत पेसमेकर फुटल्याची पहिली नोंद झाली. 2002 साली ब्रिटनमधल्या दाहिन्यांची पाहणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी असा स्फोट अनुभवला होता. तिथे दहनाआधी पेसमेकर आहे का हे विचारतात. आपल्याकडे पाच-सहा तासांत सगळं आवरायची घाई असते, सांत्वनाला माणसं जमलेली असतात, अशा वेळी छातीतल्या डबीची आठवण कोणाला होणार? आणि चितेच्या सगळ्यांत जवळ उभा कोण असतो? आपलाच मुलगा.

म्हणून ही चिठ्ठी. नातेवाईक मंडळींनी नीट वाचावी.

माझा पेसमेकरचा छोटा ओळखपत्रासारखा कार्ड पर्समध्ये डाव्या कप्प्यात आहे, त्याची प्रत कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये. त्यावर यंत्राचा नंबर आणि बसवल्याची तारीख आहे. मी जाईन तेव्हा जो डॉक्टर दाखला द्यायला येईल त्याला पहिल्यांदा हे सांगायचं, की छातीत पेसमेकर आहे, तो काढायची व्यवस्था करा. काम काही मिनिटांचं आहे, लहानसा छेद लागतो, पण ते डॉक्टरनेच किंवा शवागारातल्या जाणकार माणसानेच करायचं, घरी कोणी हात लावायचा नाही. (ज्यांच्याकडे झटका देणारं यंत्र असेल त्यांनी ते आधी बंद करून घ्यावं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसेल.) काढलेली डबी मला बसवणाऱ्या रुग्णालयात नेऊन विचारायचं, ही पुढे कोणाला उपयोगी पडेल का? पाकिटावर 'एकदाच वापरा' असं छापलेलं असतं, त्यामुळे 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. आलं तर भांडायचं नाही. ज्याच्या त्याच्या जागी नियम असतात. मग ती त्यांच्याकडेच योग्य त्या विल्हेवाटीसाठी द्यायची. नदीत सोडायची नाही आणि देवघरातही ठेवायची नाही!

'हो' म्हणाले तर बॅटरी किती उरली ते विचारून घ्या. आठ वर्षांतली पाच मी वापरली असली, तर तीन कोणाला तरी मिळतील. तीन वर्षांत एखाद्या बाईची मुलगी दहावी होते.

मुलगा अजून या विषयावर बोलत नाही. सून मात्र परवा फाइलमधला कार्ड काढून तिचा मोबाइलमध्ये फोटो घेऊन गेली, काही न बोलता. तुमच्या घरात कोणाला पेसमेकर असेल तर तुम्हीही एवढं करा. पोळी-भाजी झाल्यावर, सगळे जागेवर असताना, एकदाच विषय काढा. अवघड वाटतं, पण जमतं.

बाकी माझी तब्येत छान आहे. पुढच्या तपासणीला तीन महिने अवकाश आहे. तोवर पुन्हा लिहीनच. आणि हो, परवापासून वेणी माझी मी घालते!